सुटकेनंतरचे आजारपण आणि हातातला मोबाइल

तुरुंगात सुरू असलेले क्षयाचे, एचआयव्हीचे किंवा मानसिक आजाराचे उपचार सुटकेनंतर अनेकदा तुटतात. हा खंड टाळायला मोबाइलची मोठी मदत होऊ शकते. त्याआधी काही समज दुरुस्त करायला हवेत.

गैरसमज : बाहेर आले की तब्येतीचा धोका संपतो.
वस्तुस्थिती : अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला. सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांचा अतिरेक. आत असताना शरीराची नशेची सवय मोडते; बाहेर जुनीच मात्रा जीव घेते. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याचा पहिला फोन सुटकेच्या दिवशीच जायला हवा.

गैरसमज : यासाठी स्मार्टफोन आणि खास अ‍ॅप लागते.
वस्तुस्थिती : केनियात एचआयव्हीच्या ५३८ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना दर आठवड्याला विचारपूस करणारा एसएमएस जाई. ‘अडचण आहे’ असे उत्तर आले की आरोग्य कर्मचारी फोन करत. या गटात ६२ टक्के रुग्णांनी नियमित औषधे घेतली, दुसऱ्यात ५० टक्के. हे रुग्ण तुरुंगातून आलेले नव्हते. पण साधा फोन पुरतो, हे त्यातून दिसले. आपल्याकडेही मानसिक आधारासाठी १४४१६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे मोफत क्रमांक साध्या फोनवरून लागतात.

गैरसमज : सुटकेच्या दिवशी नंबर लिहून घेतला की झाले.
वस्तुस्थिती : २०२२ अखेर भारतातल्या दर चार बंद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते. त्यांचा जामीन कधी होईल, सांगता येत नाही. शिवाय वापर नसलेले जुने सिम बंद पडते. म्हणून तुरुंगात दाखल होतानाच, संमतीने, घरच्यांचा नंबरही नोंदवावा. क्षयरुग्णाला त्याचा निक्षय आयडी, म्हणजे सरकारी क्षयरुग्ण नोंदणीतला क्रमांक, लिहून द्यावा. त्यावरून दुसऱ्या जिल्ह्यातही उपचार पुढे चालू ठेवता येतात.

गैरसमज : संदेशात सगळे स्पष्ट लिहिलेले बरे.
वस्तुस्थिती : अनेक घरांत फोन एकच असतो, तो कुणीही उघडतो. एचआयव्हीबाबत तर २०१७च्या कायद्याने गोपनीयतेचे बंधन घातले आहे. संदेशात आजाराचे किंवा तुरुंगाचे नाव नको. ‘उद्या अकरा वाजता भेटू’ एवढे पुरे.

मोबाइल आठवण करून देतो, उपचार करत नाही. तेव्हा सुटताना हातात काही दिवसांची औषधे, उपचारांचा कागद आणि फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव, ही तिन्ही द्यायलाच हवीत.