शिरूर ते कोरेगाव : एका रात्रीची चाल

मी दौंडचा. राज्य राखीव पोलीस दलाची परेड लहानपणापासून बघतोय. 'नुसतं डावा-उजवा करून लढाई जिंकतात का?' असं वाटायचं. उत्तर शेजारच्या शिरूर तालुक्यात सापडलं.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीचा कॅप्टन स्टॉन्टन सुमारे ८०० जणांनिशी शिरूरहून निघाला. रात्रभर ४० किलोमीटर चालून सकाळी कोरेगाव भीमा. नदीपलीकडे पेशव्यांचं २०,००० हून मोठं सैन्य! त्यातल्या सुमारे २,००० जणांनी गावावर चढाई केली. उपाशी-तहानलेली तुकडी रात्रीपर्यंत टिकली. गावच्या भिंतींचा आडोसा होताच, पण खरी कामाला आली ती कवायत. बंदूक भरायच्या पायऱ्या इतक्या घोटलेल्या, की डोकं थकलं तरी हात चालतात.

त्यांत महार शिपाई बरेच होते. स्तंभावर त्यांची २२ नावं आहेत. तरी १८९० च्या दशकात इंग्रजांनीच महारांची भरती बंद केली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. म्हणजे कवायत कुणालाही शिपाई घडवते. दार बंद करतात ती माणसं.

आता एनसीसीची शिट्टी वाजली की मी पांघरूण ओढत नाही.