कोयनेचे पाणी आणि दाभोळचा वायू

कोयना आणि दाभोळ. साताऱ्याच्या शिवसागर जलाशयावरील पहिल्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. गुहागरजवळच्या दुसऱ्याची सुमारे १,९६७. आकडे सख्ख्या भावांसारखे, नशीब मात्र निराळे.

संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात तेव्हा विजेची मागणी एकदम चढते. कोळशाचे संच तितक्या झटपट हलत नाहीत. पाण्याची आणि वायूची जनित्रे हलतात. म्हणजे दाभोळ हा कोयनेचा जोडीदार व्हायचा. पण एन्रॉनचे दाभोळ १९९९ साली नाफ्थ्यावर सुरू झाले आणि २००१ मध्ये बंद पडले. २००५ मध्ये नवी कंपनी आली. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि २०१३ साली संच थंडावले. आयात वायू महाग. मग भार कोयनेवरच.

येथे सांगलीकराने कान टवकारावेत. धरणात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते, त्यातले ६७.५ टीएमसी वर्षाला वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा लवादाने दिली. ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. कृष्णेत परतत नाही. पूर्वेकडे सोडलेले पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजना उपसून आटपाडी, जतसारख्या दुष्काळी मुलखाला देतात. त्या पंपांनाही वीजच लागते!

बँकेच्या भाषेत, एकाच ठेवीवर दोन कर्जे. दुपारच्या स्वस्त सौरविजेवर उपसा करावा आणि संध्याकाळसाठी थोडा वायू राखावा. वायूचे बिल दिसते. समुद्राला गेलेल्या पाण्याचे बिल जतचा शेतकरी मुकाट्याने भरतो.