हू, विच की दॅट? ऑर्डरच्या मेसेजमध्ये गडबड नको!

व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर.

मराठीत 'जो-जी-जे' लिंगावरून ठरतं: जो आंबा, जी पेटी, जे झाड. इंग्रजीत बघायचं एवढंच, माणूस की वस्तू? माणसाला हू: 'द कस्टमर हू कॉल्ड'. वस्तूला विच किंवा दॅट: 'द बॉक्स दॅट केम'. 'ज्याचा-जिचा' म्हणायचं असेल तर हूज.

आता पैशाचा मुद्दा. समजा, आपल्या भाट्याहून मुंबईच्या गिऱ्हाइकाला हापूसच्या 10 पेट्या पाठवायच्या आहेत आणि 6 च तयार आहेत.

'द बॉक्सेस दॅट आर रेडी विल गो टुडे.' म्हणजे ज्या तयार आहेत, त्याच आज निघतील. 6 पेट्या.

'द बॉक्सेस, विच आर रेडी, विल गो टुडे.' दोन स्वल्पविराम आले आणि अर्थ फिरला! सगळ्या पेट्या तयार आहेत, सगळ्या आज निघतील. गिऱ्हाईक 10 पेट्यांची वाट बघणार, आणि शब्द तुमचा जाणार.

सोपी खूण लक्षात ठेवा. मनात 'ज्या... त्याच' येतंय? दॅट, स्वल्पविराम नाही. नुसती जादा माहिती द्यायची आहे? विच, दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. मेसेज पाठवण्याआधी एकदा मराठीत म्हणून बघा.