तुमची माणसं फोनला कशी कळतात?

समजा, तुमची मुलगी शिकायला दिल्लीला गेली आणि मैत्रिणींसोबत तिने मुनिरकात खोली घेतली. आयआयटी आणि जेएनयू दोन्ही जवळ असल्यामुळे या भागात भाड्याने राहणारे विद्यार्थी भरपूर. तिथे तिने नवा नंबर घेतला, नवं अकाउंट उघडलं. चार दिवसांतच फोनवर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ अशी यादी झळकली. त्यात वर्गातली मुलं होती, खोलीतल्या मैत्रिणीची बहीण होती. आणि गावाकडे ज्याला वैतागून ब्लॉक केलं होतं, तोही होता. त्याच्या फोनवर हिचं नावही असंच गेलं असेल का?

तिने तर कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मग अ‍ॅपला कळलं कसं? यामागे जादू नाही, गणित आहे. ते थोडंसं समजून घेतलं, तर स्वतःला जपणं सोपं जातं.

बिंदू आणि रेषांचा खेळ

या गणिताला ग्राफ थिअरी म्हणतात. शाळेत चौकटीच्या कागदावर काढतो तो हा ग्राफ नव्हे. इथे फक्त बिंदू असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. 1736 मध्ये लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने एका शहरातल्या सात पुलांचं कोडं या पद्धतीने सोडवलं, तिथून याची सुरुवात मानली जाते.

दिल्ली मेट्रोचा नकाशा हे याचं उत्तम उदाहरण. स्टेशन म्हणजे बिंदू, दोन स्टेशनांमधला मार्ग म्हणजे रेषा. मुनिरका स्टेशन मॅजेंटा लाइनवर आहे. तिथून आर. के. पुरम, मग आयआयटी, मग हौज खास. मे 2018 मध्ये हा टप्पा सुरू होण्याआधी हौज खासहून कालकाजी मंदिरला मेट्रोने जायचं, तर यलो लाइनने वर सेंट्रल सेक्रेटेरिएटपर्यंत जाऊन व्हायलेट लाइनने परत खाली यावं लागे. म्हणजे पंधरा टप्पे. आता तेच अंतर पाच टप्प्यांचं आहे. शहर तेच, दोन्ही स्टेशनं जागच्या जागी. बदलल्या त्या फक्त रेषा.

मोबाइलवर जवळचा मार्ग शोधतानाही हेच गणित कामाला येतं. एड्सगर डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञाला त्याची एक रीत 1956 मध्ये कॅफेत बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत सुचली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. जिथून निघायचं, तिथून पाणी पसरावं तसं आधी सगळ्यात जवळच्या बिंदूकडे जायचं, मग त्याच्या पुढच्या. मुक्कामाचा बिंदू त्यात आला की मार्ग सापडला.

एवढा पसारा मोजतात कसा?

मेट्रोची स्टेशनं काही शेकडा. पण माणसांचं काय? कुटुंबाच्या ग्रुपवर 40 जण असतील, तर दोघादोघांच्या जोड्या होतात 780. एक लाख माणसं घेतली, तर जोड्या जवळपास 500 कोटी! प्रत्येक जोडी तपासत बसलं, तर मोठा कॉम्प्युटरही दमेल.

म्हणून एक साधी युक्ती वापरतात. प्रत्येक माणसापुढे फक्त त्याच्या ओळखीच्यांची यादी ठेवायची. नवी ओळख सुचवताना सगळं जग धुंडाळायचं नाही, फक्त दोन पावलं चालायची, म्हणजे ओळखीच्यांच्या ओळखीचे बघायचे. तुमचे 200 मित्र आणि त्यांचे प्रत्येकी 200 धरले, तरी फार तर 40 हजार नावं. त्यातही ज्याच्याशी सामाईक मित्र जास्त, तो यादीत वर.

लग्न जमवताना आपल्या आत्या-मावश्या हेच करतात. ‘मुलगा कुणाचा?’ विचारलं की दोन नात्यांत धागा सापडतो. फरक इतकाच, की आत्या कुठे थांबायचं ते जाणते.

दार दुसऱ्याच्या घरातून उघडतं

खरी मेख इथे आहे. रेषेला दोन टोकं असतात. तुम्ही तुमच्या टोकाला गप्प राहिलात, तरी दुसऱ्या टोकाचा माणूस बोलतो. अनेक अ‍ॅप फोनमधले सगळे नंबर मागतात आणि आपण न वाचता ‘अलाउ’ दाबतो. मुलीचा नवा नंबर गावाकडच्या मैत्रिणीने सेव्ह केला आणि अशा अ‍ॅपला परवानगी दिली, की रेषा तयार. त्या मुलाशीही मैत्रिणीची ओळख असेल, तर दोघांमध्ये अंतर उरतं फक्त दोन पावलांचं. त्रास कुणी कुणाला दिला, हे त्या रेषेवर लिहिलेलं नसतं.

घरी एवढं करा

• फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या अ‍ॅपला कॉन्टॅक्टची परवानगी आहे ते बघा. गरज नसेल तिथे बंद करा.

• परवानगी बंद केली म्हणजे आधी गेलेले नंबर पुसले जात नाहीत. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अपलोड झालेले कॉन्टॅक्ट काढून टाकण्याची सोय असेल, तर तीही वापरा.

• मित्रांची यादी सगळ्यांना दिसू देऊ नका. फेसबुकवर ती लपवता येते.

• इन्स्टाग्रामवर कुणाला ब्लॉक करताना त्याची इतर आणि पुढे उघडली जाणारी अकाउंटही ब्लॉक करण्याचा पर्याय असतो, तो निवडा.

• मुलीने किंवा मुलाने नंबर बदलला असेल, तर तो कुणाला द्यायचा हे त्यांनाच ठरवू द्या. नातेवाइकांच्या ग्रुपवर परस्पर टाकू नका.

शेवटचा मुद्दा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. आपण आपल्या फोनला कितीही कुलपं लावली, तरी आपली एक किल्ली आई, मावशी, मित्र अशा प्रत्येकाच्या फोनमध्ये असते. म्हणून हे काम एकट्याने होत नाही. आज रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांनी मिळून आपापली सेटिंग एकदा उघडून बघा. फार तर दहा मिनिटं लागतील.