२५ गुणांची अट

३ सप्टेंबर २०२२. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या आयोवा सिटीत फुटबॉलचा नवा मोसम सुरू झाला आणि यजमान आयोवा विद्यापीठाने साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये सात गुण म्हणजे एक टचडाउन आणि त्यावरचा एक जादा गुण, असं कुणीही गृहीत धरेल. आयोवाला एकही टचडाउन करता आला नव्हता. तीन गुण एका फील्ड गोलचे, आणि उरलेले चार प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे दोनदा लोळवल्याबद्दल, दोन-दोन करून मिळालेले. सातपैकी चार गुण बचाव फळीने कमावले होते. किनिक स्टेडियममधल्या प्रेक्षकांनी आपल्याच जिंकणाऱ्या संघाची हुर्यो उडवली.

त्या दिवसाचा खरा नायक होता टोरी टेलर. हा मेलबर्नचा मुलगा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळत वाढला आणि आयोवात ‘पंटर’ म्हणून आला. आपल्या आक्रमणाला काही जमलं नाही की पंटर मैदानात उतरतो आणि चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला शक्य तितका मागे रेटतो. एरवी तो आला की घरचे प्रेक्षक सुस्कारा टाकतात, कारण तो येणं म्हणजेच डाव फसल्याची कबुली. आयोवात मात्र लोक त्याच्यासाठी उभे राहू लागले. ‘पंटिंग इज विनिंग’ असं छापलेले त्याचे टी-शर्ट खपले. २०२३ च्या मोसमात त्याने एकूण ४,४७९ यार्डांचे पंट मारून १९३८ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. विक्रम अभिमानाचाच. पण ज्या संघाच्या पंटरला इतकं काम पडतं, त्या संघाचं आक्रमण कसं असेल, हे सांगायला वेगळा तक्ता लागत नाही.

खेळ परका असलेल्यांसाठी थोडक्यात: पहिला आंतरविद्यापीठ सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. आता दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू असतात. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे, सहा गुण; फील्ड गोलचे, म्हणजे तो लाथेने गोलखांबांमधून धाडण्याचे, तीन. नियमित मोसम बारा सामन्यांचा, बहुतेक शनिवारी. बाकी नियम पाहता पाहता कळतात.

खरी गंमत क्वार्टरबॅकची आहे. आक्रमणाचा जवळपास प्रत्येक चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो फेकायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, तेही अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या गर्दीत. क्रिकेटमध्ये एक फलंदाज बाद झाला तर दुसरा येतो. इथे एकच जण अख्खा डाव खेळतो आणि त्याच्या जागी तयारीत असलेला दुसरा मैदानाकडेला उभा असतो. तो दुसरा प्रेक्षकांना सतत दिसत असतो, आणि चीड तिथूनच सुरू होते. राखीव क्वार्टरबॅक हा गावातला सर्वांत लोकप्रिय माणूस असतो, असं अमेरिकेत गमतीने म्हणतात. त्याची चुकलेली फेक कुणी पाहिलेली नसते. सराव बहुधा बंद दाराआड चालतो. आठवडाभर काय झालं ते प्रशिक्षकाला ठाऊक असतं, लोकांना फक्त शनिवार दिसतो.

आयोवात ही चीड इतकी साचली, त्याला कारण होतं. कर्क फेरेंट्झ हे १९९९ पासून तिथले मुख्य प्रशिक्षक. शांत, शिस्तीचे, बचावावर विश्वास असलेले. आक्रमणाचे डावपेच ठरवणारा सहायक प्रशिक्षक, ज्याला तिकडे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात, २०१७ पासून त्यांचाच मुलगा ब्रायन. सरकारी विद्यापीठात नातेवाइकाला आपल्या हाताखाली ठेवता येत नाही. म्हणून ब्रायनचा वरिष्ठ म्हणून वडिलांऐवजी क्रीडा संचालक गॅरी बार्टा यांचं नाव घातलं गेलं. कागदावर मुलगा बापाच्या हाताखाली नव्हता. शनिवारी दुपारी मात्र दोघे एकाच संघासाठी काम करताना सगळ्या राज्याला दिसत होते.

२०२२ च्या मोसमात आयोवाचं आक्रमण यार्डांच्या हिशेबात देशातल्या १३१ संघांत १३० वं ठरलं. क्वार्टरबॅक होता स्पेन्सर पेट्रस. अ‍ॅलेक्स पडिलाला संधी द्या, ही मागणी दर आठवड्याला वाढत होती आणि प्रशिक्षक पेट्रसवर ठाम होते. ओहायो स्टेटने ५४-१० असा धुव्वा उडवला त्या सामन्यात मध्यंतरानंतर पडिला आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा पेट्रस. या हट्टात निष्ठा होती हे मान्य करायला हवं. एका विशीतल्या विद्यार्थ्याला गर्दीच्या ओरड्यावरून बाजूला न सारणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण निष्ठेचं माप सगळ्यांना सारखं असावं लागतं. सहायक प्रशिक्षक मुलगाच असताना लोकांनी तसं मानावं ही अपेक्षा फार होती.

आयोवाचे प्रेक्षक भांडखोर नव्हेत, हे इथे सांगायलाच हवं. किनिक स्टेडियमला खेटून विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय उभं आहे. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून आजारी मुलं सामना बघतात. २०१७ पासून प्रथा अशी पडली की पहिला चतुर्थांश संपला की हजारो लोक रुग्णालयाकडे वळून त्या मुलांना हात हलवतात. खेळाडू हलवतात, प्रतिस्पर्धी हलवतात, पंचही हलवतात. हे प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला पुढे सामना कोण जिंकलं ते आठवलं नाही तरी चालतं. स्टेडियमचं नावही साधं नाही. नाइल किनिकने १९३९ साली हाइजमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान, मिळवला आणि १९४३ मध्ये नौदलाच्या सरावउड्डाणात तो गेला. त्याच स्टेडियममध्ये पाहुण्या संघाची कपडे बदलण्याची खोली गुलाबी रंगवलेली आहे. हेडन फ्राय या प्रशिक्षकांची ती कल्पना. ते मानसशास्त्राचे पदवीधर होते आणि गुलाबी रंगाने माणूस मवाळ होतो असं त्यांचं मत होतं.

फ्राय १९७९ मध्ये आले, तोवर आयोवाच्या संघाचे विजय सलग सतरा वर्षं पराभवांपेक्षा कधीच जास्त झाले नव्हते. याच काळात, १९७५ मध्ये, दिलीप चित्रे आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमासाठी तिथे राहायला गेले. मराठी वाचकाला आयोवा सिटी माहीत आहे ती अशी, साहित्याच्या वाटेने. पुण्या-मुंबईहून पर्ड्यूला किंवा टेक्सास ए अँड एमला शिकायला गेलेली मुलंही पहिल्या वर्षी फुटबॉलकडे पाहुण्यासारखी बघतात आणि दुसऱ्या वर्षी क्वार्टरबॅकवरून खोलीतल्या मित्राशी वाद घालतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोवाने जे केलं ते या खेळाच्या इतिहासात आगळंच म्हणावं लागेल. ब्रायन फेरेंट्झच्या करारात अट घातली गेली: संघाने सामन्यामागे सरासरी २५ गुण केले पाहिजेत आणि किमान सात सामने जिंकले पाहिजेत. पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आला. बचाव फळीने मिळवलेले गुणही सरासरीत धरले जाणार होते. मोसमानंतरचा एक सामना धरून तेरा सामन्यांना २५ प्रमाणे ३२५ गुण होतात, आणि हा ३२५ चा आकडा राज्यभर सगळ्यांच्या तोंडी झाला. प्रत्येक शनिवारी लोक सामना संपला की बेरीज करत.

बेरीज जुळेना. मिशिगनहून मोठ्या अपेक्षेने आणलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या डीकन हिलच्या निम्म्याहून कमी फेकी मोसमभरात योग्य हाती पडल्या. राखीव क्वार्टरबॅक लाडका असतो हे खरं; पण त्याला खरोखर खेळावं लागलं की ते लाड लगेच संपतात, हेही आयोवाने पाहिलं. बार्टांच्या जागी आलेल्या हंगामी क्रीडा संचालक बेथ गोएट्झ यांनी ३० ऑक्टोबरला जाहीर केलं की मोसम संपल्यावर ब्रायन परत येणार नाही. मोसम अजून अर्ध्याहून थोडाच पुढे सरकला होता, आणि संघ जिंकत होता! बचाव समन्वयक फिल पार्कर यांच्या फळीच्या जोरावर आयोवाने दहा सामने जिंकून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. मग बिग टेन या आपल्या विद्यापीठ-संघटनेच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून २६-० आणि १ जानेवारीला सिट्रस बोल या मोसमानंतरच्या सामन्यात टेनेसीकडून ३५-० अशी हार झाली. मोसमाची सरासरी १५.४. यार्डांमध्ये देशातल्या १३३ संघांत शेवटचा क्रमांक.

लोक नेहमी बरोबर असतात असं मुळीच नाही. डिसेंबर २००८ मध्ये अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाने जीन चिझिक यांना प्रशिक्षक नेमलं, तेव्हा त्यांच्या नावावर आयोवा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठातले पाच विजय आणि एकोणीस पराभव होते. विमानतळावर उतरलेल्या क्रीडा संचालकांना एका चाहत्याने तोंडावर खडसावलं. दोनच वर्षांनी चिझिक यांनी कॅम न्यूटन या क्वार्टरबॅकच्या साथीने चौदाच्या चौदा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद आणलं. आणि २०१२ मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव असा मोसम झाल्यावर त्यांना काढण्यात आलं. त्याच राज्यातल्या अलाबामा विद्यापीठात १९८८ साली हरल्यानंतर बिल करी यांच्या कचेरीच्या खिडकीतून वीट आत आली होती. पुढच्या वर्षी त्यांनी नियमित मोसमात दहा सामने जिंकले आणि तरीही राज्य सोडून केंटकीला गेले, कारण ऑबर्नला ते एकदाही हरवू शकले नव्हते.

अलाबामातच प्रशिक्षकाच्या निर्णयाचं सर्वांत सुंदर उदाहरणही घडलं. ८ जानेवारी २०१८, अटलांटा, राष्ट्रीय अंतिम सामना. मध्यंतराला जॉर्जिया १३-० ने पुढे. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बाहेर बसवलं आणि पहिल्या वर्षात शिकणाऱ्या टुआ टॅगोवायलोआला उतरवलं. हर्ट्सने तोवर अलाबामासाठी सुरुवातीपासून खेळलेल्या २७ सामन्यांपैकी २५ जिंकले होते. टुआने अतिरिक्त वेळेत डेव्होंटा स्मिथला ४१ यार्डांची फेक टाकून २६-२३ असा विजय मिळवून दिला. त्याच वर्षी डिसेंबरात, त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला आणि बाकावरून उठून आलेल्या हर्ट्सने २१-२८ अशा पिछाडीवरून ३५-२८ असा सामना जिंकून दिला. वर्षभर बाकावर बसूनही हा मुलगा संघ सोडून गेला नव्हता. पुढे तो ओक्लाहोमाला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडून सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आज असं थांबणं दुर्मीळ झालंय. २०२१ पासून खेळाडूंना विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागलं आणि आपल्या नावावर पैसेही कमावता येऊ लागले. त्यामुळे बाकावर बसवलेला क्वार्टरबॅक पुढच्या मोसमात दुसऱ्याच रंगाच्या जर्सीत दिसतो. प्रशिक्षकाला निवड करताना उद्या कोण निघून जाईल हेही मोजावं लागतं.

आणि पैसा. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा उरलेल्या कराराची भरपाई सुमारे ७.६ कोटी डॉलर होती. आदल्याच दिवशी संघाने मिसिसिपी स्टेटला ५१-१० ने हरवलं होतं. नेब्रास्काने २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नकडून हरल्यावर दुसऱ्याच दिवशी स्कॉट फ्रॉस्टना काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत तीन आठवडे थांबले असते तर भरपाई दीड कोटीवरून निम्म्यावर आली असती. फ्रॉस्ट तिथलाच मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. तरीही तीन आठवडे निघाले नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबरात पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन आणि लुइझियाना स्टेटचे ब्रायन केली दोन आठवड्यांच्या अंतराने गेले. केलींच्या करारात सुमारे ५.४ कोटी डॉलरची भरपाई होती. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर हा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षकच असतो. अशा नोकराला जाब विचारण्याचा हक्क लोकांना आहेच. मात्र असे करार लिहून देणाऱ्या क्रीडा संचालकांनाही तोच जाब विचारला गेला पाहिजे, आणि तो फार क्वचित विचारला जातो.

आयोवाने निदान आपली अट कागदावर, सगळ्यांना वाचता येईल अशी लिहिली. कर्क फेरेंट्झ टिकले. सप्टेंबर २०२५ मध्ये २०६ वा विजय मिळवून बिग टेनमधल्या विजयांच्या संख्येत त्यांनी ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांना मागे टाकलं. त्या संघाचा क्वार्टरबॅक मार्क ग्रोनोव्स्की साउथ डकोटा स्टेटमधूनच आलेला होता. ब्रायनच्या जागी २०२४ मध्ये टिम लेस्टर आले आणि त्यांच्या पहिल्याच मोसमात आयोवाची सरासरी २७ च्या वर गेली. मुख्य प्रशिक्षक तेच होते, स्टेडियम तेच होतं. २५ ची अट अवाजवी नव्हती आणि २०२२ मध्ये हुर्यो उडवणारे प्रेक्षक बरोबर होते.