पडद्यासमोरची पोरं (भाग ६) : ‘माही बारी कव्हा?’

मागच्या आठवड्यात आपण एकट्या नायकाच्या कार्टूनमालिका पाहिल्या. त्यांच्याबद्दल मुलांचं मत सरळ असतं : आवडली, नाहीतर कंटाळा आला. पाच-सात जणांचा संघ पडद्यावर आला की मात्र हे सरळपण संपतं. बघणारं प्रत्येक पोर त्या संघातल्या एकाला आपला मानतं आणि सगळ्या मालिकेचा हिशेब त्याच्या बाजूने मांडायला लागतं. त्याला लढायला मिळालं का? त्याच्या ताकदीचा उपयोग झाला, की त्याला नुसतं मागे उभं केलं? अशा मालिकांवरचं कौतुक ऐका किंवा राग ऐका, मुळाशी बहुतेक वेळा हाच प्रश्न सापडतो : वाटणी नीट झाली का? हा पोरकट प्रश्न नाही. मालिका करणाऱ्यांनी जेव्हा तो कान देऊन ऐकला, तेव्हा मालिका सुधारली आहे.

धनज बुद्रुक हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं, कपाशी-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं गाव. तिथल्या पोरांचा ‘छोटा भीम’चा खेळ बघा. खेळाआधीची वाटाघाटच खेळापेक्षा जास्त वेळ चालते. भीम व्हायला सगळे तयार. कालिया व्हायला कुणीच नाही. “म्या काऊन कालिया व्हाव? तो त रोजच हरते,” असं एक जण ठणकावतो. शेवटी तह होतो : आज तू भीम, उद्या मी. ढोलू-भोलूचं काम धाकट्यांच्या गळ्यात पडतं. त्या दिवशी चौथीतल्या एका मुलीला चुटकी व्हायला सांगितलं, तर ती फ्रॉकचा घोळ मुठीत धरून उभी राहिली आणि म्हणाली, “चुटकीले कामच काय हाय? नुसते लाडू देते. मी जग्गू होतो, नाही त खेळतच नाही.” जग्गू म्हणजे झाडावरून झाडावर उड्या मारणारं माकड. तिला जग्गू मिळाला आणि चुटकीची जागा त्या दिवशी रिकामीच राहिली. एखाद्या समीक्षकाला पानभर लिहूनही जे नेमकं सांगता येणार नाही, ते ही मुलगी दोन वाक्यांत सांगून मोकळी झाली.

‘छोटा भीम’ २००८ मध्ये पोगोवर आलं. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचे राजीव चिलका हे त्याचे कर्ते. ढोलकपूरचा नऊ वर्षांचा भीम, त्याच्याभोवती चुटकी, राजू, जग्गू, राजकन्या इंदुमती, आणि विरोधात असूनही पुन्हा पुन्हा सोबत येणारे कालिया, ढोलू-भोलू. भीमाला ताकद येते ती लाडवातून, आणि ते लाडू येतात चुटकीच्या आईच्या, टुनटुन मावशीच्या दुकानातून. म्हणजे ताकदीचा झरा चुटकीच्या घरात आणि पराक्रम भीमाच्या नावावर. मोठ्यांना ही गोष्ट ध्यानातही येत नाही, मुलींना मात्र येते.

जून २०२० मध्ये या नाराजीचा स्फोट झाला. भीमाचं लग्न चुटकीशी न होता इंदुमतीशी झालं, अशी आवई समाजमाध्यमांवर उठली आणि चुटकीला न्याय द्या अशी मागणी देशभर गाजली. ही सगळी पात्रं अजून लहान मुलंच आहेत, कुणाचंही लग्न झालेलं नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. अनेकांनी तो प्रकार हसण्यावारी नेला. मला त्यात बारा वर्षांची साठलेली तक्रार दिसते. मागणी करणाऱ्यांत लहानपणी ही मालिका बघून मोठी झालेली तरुण मुलंमुली होती आणि त्यांचं म्हणणं लग्नापुरतं नव्हतं. इतकी वर्षं लाडू देणाऱ्या मुलीच्या वाट्याला काय आलं, हे त्यांना विचारायचं होतं.

हेच साता समुद्रापार घडलेलं आहे. कार्टून नेटवर्कवर नोव्हेंबर २००१ मध्ये ‘जस्टिस लीग’ सुरू झाली. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, मार्शन मॅनहंटर आणि हॉकगर्ल असे सात जण. पहिल्या पर्वात प्रेक्षकांची मोठी तक्रार होती ती सुपरमॅनबद्दल. शत्रू भयंकर आहे हे दाखवायचं, तर सर्वांत बलवान गड्याला आधी आडवा पाडायचा, ही युक्ती लेखकांनी इतक्यांदा वापरली, की सुपरमॅन दुबळा वाटायला लागला. बाकीच्या सहांना काम देण्यासाठी एकाची पत घालवली होती. निर्माते ब्रूस टिम यांनी ही टीका मान्य केली आणि दुसऱ्या पर्वात सुपरमॅनला त्याची ताकद परत दिली. त्यामुळे बाकीचे सहा झाकले गेले नाहीत. प्रत्येकाला त्याच्या जोगतं काम शोधणं लेखकांना भाग पडलं आणि पटकथा कसदार झाल्या.

याच मालिकेत ग्रीन लँटर्न म्हणून जॉन स्टुअर्ट हा कृष्णवर्णीय नायक घेतला, तेव्हा जुने कॉमिक्सवाले नाराज झाले होते; त्यांना हॅल जॉर्डन हवा होता. पण त्या पिढीच्या असंख्य मुलांसाठी ग्रीन लँटर्न म्हणजे जॉन स्टुअर्टच झाला. हॉकगर्ल तर २००४ मध्ये परग्रहाची हेर निघाली. तिला संघात ठेवायचं का, यावर उरलेल्यांनी मत दिलं. निकाल ऐकण्याआधीच ती स्वतःहून निघून गेली. तिचं चुकलं की नाही, यावर प्रेक्षक आजही दोन्ही बाजूंनी भांडतात. मुलांच्या कार्यक्रमात निकाल असा मोकळा सोडायचं धाडस आपल्याकडे कुणीतरी करावं, असं मला मनापासून वाटतं.

पण प्रेक्षकांचं मत चांगलं असूनही मालिका बंद पडते, तीही गोष्ट आहेच. तरुण नायकांच्या संघाची ‘यंग जस्टिस’ २०१० मध्ये आली, वाखाणली गेली आणि ४६ भागांनंतर २०१३ मध्ये थांबली. कर्त्यांपैकी ग्रेग वाइसमन यांनी पुढे कारण सांगितलं ते खेळण्यांचं : मॅटेलची खेळणी खपली नाहीत आणि पैशांचा तो आधार गेला. चाहत्यांनी मालिका नेटफ्लिक्सवर पुन्हा पुन्हा पाहिली, मागणी लावून धरली. २०१६ मध्ये तिसऱ्या पर्वाची घोषणा झाली आणि २०१९ मध्ये ते आलं. मधल्या सहा वर्षांत बघणारे मोठे झाले होते, तरी त्यांनी आपली माणसं सोडली नव्हती.

आता धनजच्या पोरांचं मत कुठे पोचतं? आपल्याकडे प्रेक्षकसंख्या मोजते ती बार्क ही संस्था. तिने २०१५ मध्ये आकडे द्यायला सुरुवात केली आणि ग्रामीण भाग त्यात आला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून. त्याआधी हे काम करणाऱ्या टॅमच्या मोजणीत खेडी नव्हतीच. म्हणजे ‘छोटा भीम’ची पहिली सात वर्षं खेड्यातलं पोर हिशेबात धरलेलं नव्हतं. २०२५ मध्येही देशातल्या सुमारे २३ कोटी टीव्ही असलेल्या घरांचा अंदाज बांधला जात होता तो घरांत बसवलेल्या जेमतेम ५८ हजार मीटरांवरून. मीटर असलेल्या घरातल्या प्रत्येकाला एक बटण असतं. टीव्हीसमोर बसलं की ते दाबायचं. त्यातून कोण किती वेळ बसलं ते कळतं. चुटकीला काम नाही म्हणून कोण चिडलं, हे त्यातून कळायला मार्ग नाही. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, दूरदर्शनने ‘छोटा भीम’ दाखवायला घेतलं, तेव्हा दरमहा पैसे न लागणाऱ्या फ्री डिशवर ते गावोगावच्या घरांत पोचलं. त्या घरांतल्या पोरांना काय वाटलं, ते कुठेच नोंदलं गेलेलं नाही.

पालकांचं मतही ऐकलं पाहिजे. मारामारी फार, पोरं एकमेकांना बुक्क्या घालतात, ही आयांची तक्रार खरी आहे, आणि लहान वयात टीव्हीचे तास आवळावेतच. पण पोर टीव्ही बघत असताना आपण शेजारी बसून दोन प्रश्न विचारले, तर कुठे थांबायचं हे आपल्यालाही कळतं.

ते प्रश्न आज घरी विचारून बघा. या संघात तुझा कोण? त्याला काय करायला मिळायला हवं होतं? उत्तर मुलांच्या बोलीतच उतरवून घ्या, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीतच. जिल्हा परिषद शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना विनंती, की तिसरी-चौथीच्या वर्गाला एखाद्या शनिवारी याच विषयावर पाच ओळी लिहायला सांगा. त्या वह्यांतली पानं आमच्याकडे पाठवा. मुलाचं नाव नको, वय आणि गाव तेवढं लिहा. पुढचा भाग त्या पानांवरच लिहायचा आहे.