वाळलेली कुंडी फेकू नका

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात अंगणातले हिरवेपण टिकवणे सोपे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पण त्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, ॲमरिलिसच्या पोकळ दांड्यावर भोंग्यासारखी दोन-चार लाल-केशरी फुले उमलतात आणि अंगण उजळते. आपल्याकडे तिला नुसते ‘लिली’ म्हणतात. कुंड्यांतली ही जात मूळची दक्षिण अमेरिकेची, शास्त्रीय नाव हिप्पिअस्ट्रम.

हिवाळ्यात तिची पाने पिवळी पडतात आणि झाड मेले समजून कंद उकिरड्यावर जातो. अम्मीने मला दिलेला पहिला कंद मी असाच फेकला. तो विसावा घेत होता, हे फार उशिरा कळले. म्हणून आधी कंद अंगठ्याने दाबून पाहा. घट्ट लागला तर जिवंत. मऊ पडून वास येत असेल तर सडला.

लावणी जानेवारी-फेब्रुवारीत करावी. एका कंदाला आठ इंची कुंडी पुरते. वरोरा, भद्रावतीकडची काळी माती पाणी धरून ठेवते; तिच्यात तेवढीच रेती आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळा. कंदाचा वरचा एक-तृतीयांश भाग मातीबाहेर राहू द्या. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने.

फुले सुकल्यावर दांडा कापा, पाने मात्र कापू नका. पुढच्या वर्षीच्या फुलांचे अन्न तीच कंदात साठवतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडा. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत पाऊस जोरदार, तेव्हा कुंडी सपरीखाली सरकवा. बागेत लावायचे तर उंच वाफा करा. पानांवर अळ्या दिसल्या तर हाताने वेचा. दिवाळीनंतर पाणी कमी करत न्या आणि पुढे सहा-आठ आठवडे कुंडी कोरडीच ठेवा.

एक खबरदारी मात्र घ्याच. हा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, पण विषारी आहे. पोटात गेला तर उलट्या होतात. काढलेले कंद स्वयंपाकघरात ठेवू नका. लहान मुले आणि शेळ्या यांना त्यापासून दूर ठेवा. कोणी खाल्लाच तर लगेच डॉक्टर गाठा.

पाण्याची टंचाई असली तरी ही हौस परवडते. वुझूचे पाणी बादलीत धरले तर दोन-चार कुंड्या सहज भागतात. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आपण ऐकलेलीच आहे.

दोन-तीन वर्षांत मूळ कंदाशेजारी पिल्ले धरतात. लावणीच्या वेळी ती मुळांसकट वेगळी करून शेजारणीला द्या, सासरी निघालेल्या लेकीला द्या. देताना एवढे आवर्जून सांगा : पाने वाळली तरी फेकू नकोस, थोडा सब्र कर. मृत भूमीला पुन्हा जिवंत करणाऱ्या अल्लाहच्या कुदरतीची आठवण कुरआन वारंवार देते. फेब्रुवारीच्या एखाद्या सकाळी कोरड्या कुंडीतून हिरवे टोक वर आलेले दिसले की ती आठवण घरातल्या मुलांनाही करून देता येते.